सुईणीचा भार कोणी मोजावा?

सुईण आहे तोवर बाळंत होऊन घ्यावे, अशी आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. जाणता माणूस हाताशी आहे तोवर काम उरकून घ्यावे, एवढाच तिचा व्यवहारी अर्थ. परंतु ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली, त्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे. सुईण नेहमीच हाताशी असते असे नाही. ती दुसऱ्या घरी गेलेली असेल, खाडीपलीकडे अडकली असेल, दोन रात्री जागून थकून निजलेली असेल. वेणा मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

या लेखात आम्ही जो प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो तो असा. एका सुईणीवर तिघींचे काम टाकले, आणि त्यामुळे एखाद्या बाईकडे वेळेवर लक्ष गेले नाही, तर दोष कोणाचा? त्या सुईणीचा? तिला नेमणाऱ्या अधिकाऱ्याचा? की आपणा सर्वांचा, ज्यांनी तिच्या सेवाभावाची तोंडभर स्तुती केली, पण तिच्या अंगावर किती काम आहे हे कधी विचारले नाही?

प्रश्न नवा नाही. शेमोथच्या पहिल्याच अध्यायात शिफ्रा आणि पुआ या दोन सुइणी आपल्याला भेटतात. मुलगा झाला तर त्याला मारा, या फारोच्या हुकुमाला त्यांनी जुमानले नाही. एवढे आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राशी म्हणतो की या दोघी म्हणजे योखेवेद आणि मिर्याम. परंतु बाराव्या शतकातला भाष्यकार इब्न एझ्रा याला वेगळीच शंका आली. एवढ्या मोठ्या लोकसमुदायाला दोन सुइणी पुरतील कशा? त्याचे उत्तर असे की सुइणी निश्चितच पाचशेहून अधिक असल्या पाहिजेत, आणि शिफ्रा व पुआ या त्या सर्वांच्या प्रमुख होत्या. आम्हांला या भाष्याचे फार अप्रूप वाटते. इतरांनी त्या दोघींचे धैर्य पाहिले. इब्न एझ्राने धैर्य तर पाहिलेच, पण बोटे मोडून हिशोबही केला. धर्मग्रंथ वाचताना बाळंतिणींची आणि सुइणींची संख्या जुळते की नाही हे पाहणे त्याला कमीपणाचे वाटले नाही.

असाच हिशोब आज जिवंत माणसांच्या बाबतीत मांडून पाहू. त्यासाठी आम्ही आपल्या जुन्या मुलखाचे उदाहरण घेतो. पेण, रोहा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड ही नावे आपल्यापैकी अनेकांच्या आडनावांत आणि आठवणींत आहेत. तो कुलाबा जिल्हा 1981 पासून रायगड या नावाने ओळखला जातो. आपल्या आजीपणजींची बाळंतपणे तेथे गावच्या सुईणीने केली. ती शिकलेली नव्हती, तिच्या हातून अनेकदा अनर्थही होत, आणि तिच्या नावाने उसासे टाकणे योग्य होणार नाही. मात्र तिचा गाव एक होता, आणि फार तर शेजारची वाडी. आज त्याच मुलखात तिच्या जागी सरकारी उपकेंद्रातली नर्सबाई आहे. कागदोपत्री तिला ए.एन.एम. किंवा आरोग्य सेविका म्हणतात, आणि गावात सगळे तिला सिस्टर म्हणून हाक मारतात.

या नर्सबाईच्या वाट्याला किती माणसे यावीत, याचा विचार स्वातंत्र्याच्या आधीपासून झाला आहे. 1946 साली भोर समितीने आपला अहवाल दिला. तिच्या तात्पुरत्या योजनेत 40,000 वस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 4 सुइणी आणि 4 प्रशिक्षित दाया धरल्या होत्या. त्या काळी दर हजारी वर्षाला 40 च्या आसपास मुले जन्मत. म्हणजे 1,600 बाळंतपणे आणि आठ जणी, दर डोई 200. समितीलाही हे पुरेसे वाटत नव्हते. सुरुवात म्हणून तिने ते सुचवले. पुढे सपाट भागात 5,000 लोकांना आणि डोंगराळ वा आदिवासी भागात 3,000 लोकांना एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. कागदावर हे प्रमाण वाईट नाही. देशभराची सरासरी मात्र आजही एका ग्रामीण उपकेंद्रामागे पाच हजारांच्या वर आहे. आणि सरासरी म्हटली की कोठे तरी तिच्या दुप्पट असतेच.

आता 5,000 वस्तीचा हिशोब करा. महाराष्ट्रात जन्मदर दर हजारी सुमारे 15 वर आला आहे. म्हणजे वर्षाला 75 बाळंतपणे. वाचक म्हणतील, आठवड्याला दीड बाळंतपण, यात भार तो कसला? शिवाय आता बहुतेक बायका दवाखान्यातच बाळंत होतात. हे खरे आहे, आणि अभिमानाने सांगण्यासारखे आहे. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली. त्याच सुमारास भारतात शंभरातली 39 बाळंतपणे दवाखान्यात होत, ती 2019 ते 2021 च्या पाहणीत 89 झाली. लाख बाळंतपणांमागे दगावणाऱ्या माता 2004-06 मध्ये 254 होत्या, त्या 2018-20 मध्ये 97 वर आल्या. ज्या नर्सबायांनी गावोगाव फिरून बायकांना दवाखान्याची वाट दाखवली, त्यांचा या आकड्यांत मोठा वाटा आहे.

परंतु बाळंतपण म्हणजे केवळ मूल बाहेर येण्याची घटका नव्हे. पोटुशी बाईची निदान चार वेळा तपासणी व्हावी असा नियम आहे. 75 बायकांच्या 300 तपासण्या झाल्या. रक्तदाब, लघवी, रक्त, वजन, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची सुई. जिचे पाय सुजले, जिचे डोके दुखते, तिला वेळीच ओळखून पुढे पाठवायचे. बाळंतपणानंतर आईकडे आणि बाळाकडे फेऱ्या घालायच्या. बाळांच्या लशी, त्यांच्या मोठ्या भावंडांच्या लशी. त्याशिवाय कुटुंबनियोजन, क्षयरोग्यांची औषधे, हिवतापाचे रक्तनमुने, शाळेतील तपासणी, साथ आली की घरोघर चौकशी. 2021 साली करोनाची लस टोचण्यातही याच हातांनी काम केले. आणि या सगळ्याच्या नोंदी, वहीत एकदा आणि आता मोबाइलवर किंवा संगणकावर पुन्हा एकदा.

हे असे झाले कसे? 1973 साली कर्तारसिंग समितीने सुचवले की एकेका रोगासाठी वेगवेगळे कर्मचारी ठेवण्यापेक्षा एकच बहुउद्देशीय कर्मचारी असावा. विचारात तथ्य होते. एका घरी चार माणसांनी चार फेऱ्या घालण्याऐवजी एकीने एकदा जावे. परंतु व्यवहारात सुईण म्हणून घडवलेली बाई सर्व कामांची धनी झाली. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे तिच्या डोक्यावर बसली, ती 1996 मध्ये रद्द होईपर्यंत तिची परीक्षा शस्त्रक्रियांच्या आकड्यांवरच होत होती. एक ना धड, भाराभर चिंध्या, असे तिच्या कामाचे झाले, आणि त्या चिंध्यांत प्रसूतीचे शिक्षणच मागे पडले. 2005 नंतर दुसरी ए.एन.एम. देण्याची तरतूद झाली, पण बहुतेक ठिकाणी कंत्राटावर. एकाच खोलीत, एकाच कामासाठी दोघी, आणि पगार वेगळा. दर हजार वस्तीला एक आशा आली, तिला पगार नाही, मानधन. 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली, समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. मदतीचे हात वाढले, हे मान्य केले पाहिजे. त्याबरोबर मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांची तपासणी अशी कामेही वाढली.

शेमोथच्याच पाचव्या अध्यायात फारोचा दुसरा हुकूम आहे. इस्राएल लोकांना यापुढे पेंढा द्यायचा नाही, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, परंतु विटांची संख्या एकही कमी होता कामा नये. जुलूम म्हणजे काय हे याहून नेमके सांगणे कठीण आहे. चाबूक हा जुलमाचा उघड भाग आहे. हिशोबातली चलाखी हा त्याचा झाकलेला भाग. साधन काढून घ्यायचे, माप तेच ठेवायचे, आणि माप भरले नाही की माणूस आळशी ठरवायचा. ज्या उपकेंद्रात एक जागा रिकामी आहे आणि उद्दिष्ट मात्र दोघींचे आहे, तेथे कोणी फारो बसलेला नसतो हे आम्हांला ठाऊक आहे. बहुधा एखादा सज्जन अधिकारी बसलेला असतो, ज्याला वरून पैसा मिळालेला नाही. तरीही हिशोब तोच आहे.

शिवाय विटांचे काम काही अंशी भरभर उरकता येते. सुईणीचे येत नाही. पहिलटकरणीच्या वेणा बारा बारा तास चालतात. त्या वेळात सुईण बहुतांशी काही करत नाही असे बघणाऱ्याला वाटते. ती बसून असते, पोटावर हात ठेवते, बाळाचे ठोके ऐकते, पाणी पाजते, धीर देते. हे बसणे हेच तिचे काम आहे. बाळंतपणानंतर अंगावरून किती जात आहे हे पाहण्यासाठीही तिला बसावेच लागते. कारण अतिरक्तस्राव सुरू झाला की जीव जाण्यास घटकाभर पुरते. घाईत असलेली सुईण हात चालवू शकते, पण लक्ष ठेवू शकत नाही. म्हणून सुइणी कमी पडल्या की पहिल्यांदा जे नाहीसे होते ते कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

नोंदवहीचा विषय निघालाच आहे तर मनाला बोचणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फारोने जाब विचारला तेव्हा शिफ्रा व पुआ यांनी सबब सांगितली की इब्री बायका इतक्या चपळ असतात की सुईण पोचण्याआधीच त्या बाळंत होतात. ती थाप होती, आणि तिच्यामुळे मुलांचे जीव वाचले. आपल्या परंपरेने त्यांना त्याबद्दल दोष दिला नाही. आज ज्या नर्सबाईला वीस घरी जायचे आहे आणि बाराच घरी जाणे शक्य आहे, तिच्यापुढेही थापेचा मोह उभा राहतो. उरलेल्या आठ घरांपुढे वहीत बरोबरची खूण करायची. तसे केले नाही तर बैठकीत सर्वांदेखत बोलणी खावी लागतात. आम्ही तिला दोष देण्यास धजत नाही. परंतु या दोन थापांतला फरक ओळखला पाहिजे. शिफ्राच्या थापेने राजाच्या डोळ्यांत धूळ फेकून मुलांना झाकून ठेवले. वहीतली खोटी खूण मात्र त्या आठ घरांनाच झाकून टाकते. वह्या भरलेल्या दिसतात, म्हणून वरचा अधिकारी म्हणतो की काम तर होते आहे, मग आणखी माणूस कशाला? खोट्या खुणेने एका बाईचा एक दिवस निभावतो आणि पुढच्या वर्षीची दुसरी बाई हातची जाते.

येथे मधल्या अधिकाऱ्याचे कर्तव्य येते. विटांच्या गोष्टीत इस्राएल लोकांचेच मुकादम होते. विटा कमी पडल्या म्हणून मार त्यांनी खाल्ला. राशीने दिलेली परंपरा अशी की त्यांनी आपल्या लोकांवर जोर केला नाही, मार स्वतःच्या पाठीवर घेतला, आणि म्हणून पुढे मोशे रब्बेनूंच्या सत्तर वडीलधाऱ्यांत त्यांची निवड झाली. जो अधिकारी आपल्या नर्सबायांना म्हणतो की जे झाले तेवढेच लिहा, कमी का झाले याचे उत्तर मी देईन, तो त्या मुकादमांच्या वंशातला. असे अधिकारी असतात. त्यांची नावे कोठे छापून येत नाहीत.

आता आमच्या म्हणण्यावर जो मोठा आक्षेप येईल त्याचा विचार करू. कोणी म्हणेल, हे सारे हिशोब ठीक आहेत, पण अडलेल्या बाईच्या दाराशी हिशोब करत बसायचे का? सेवा ही मोजून करायची वस्तू आहे का? आक्षेप खरा आहे, आणि आपला धर्म त्याच्या बाजूने बोलतो. मिश्नाच्या शाब्बाथ प्रकरणात, अठराव्या अध्यायात, नियम आहे की शाब्बाथच्या दिवशी बाळंतपण करावे, सुईणीला दुसऱ्या गावाहून बोलवावे, आणि बाळंतिणीसाठी शाब्बाथ मोडावा. जेथे शाब्बाथही आड येत नाही तेथे सुईणीची सुट्टी, जेवण, झोप कशी आड यावी?

परंतु त्याच मिश्नात, रोश हशाना प्रकरणाच्या दुसऱ्या अध्यायात, आणखी एक नियम आहे आणि तो फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. नव्या चंद्राची साक्ष देण्यास यरुशलायीमला आलेल्या लोकांना पूर्वी शाब्बाथची हद्द ओलांडल्यामुळे दिवसभर जागचे हलता येत नसे. वडील रब्बान गमलिएल यांनी ठरवले की त्यांना चारी दिशांना दोन हजार हात फिरण्याची मोकळीक असावी. आणि ही मोकळीक त्यांच्याबरोबर बाळंतपणाला आलेल्या सुईणीला, तसेच आगीतून, पुरातून, पडलेल्या घराखालून माणसे सोडवण्यास आलेल्यांनाही दिली. यामागे विचार असा की मदतीला आलेल्या माणसाची आज अडचण झाली तर पुढच्या वेळी तो येण्यास कचरेल. पाहा, सुईणीला आग आणि पूर यांच्याशी झुंजणाऱ्यांच्या पंगतीत बसवले. आणि बाळंतीण मोकळी झाल्यावर सुईणीचे काय होते, तिने परक्या गावात कोठे अडकून पडावे, याचीही चिंता वाहिली. तिच्या चांगुलपणावर सोडून दिले नाही, नियम केला.

म्हणून आम्हांला वाटते की येथे दोन वेळांचे दोन धर्म आहेत. एक घटकेचा धर्म, दुसरा वर्षाचा. वेणा सुरू झाल्या, हाक आली, त्या घटकेला हिशोब नाही. सुईणीने जावे, आणि ती जातेच. परंतु अंदाजपत्रक मांडण्याचा दिवस, जागा भरण्याचा दिवस, बदल्यांचा दिवस, त्या दिवशी हिशोब हाच धर्म आहे. आपली लबाडी अशी की वर्षाचा हिशोब टाळण्यासाठी आपण घटकेचा धर्म पुढे करतो. ती येईलच, ती देवमाणूस आहे, असे म्हणून दुसरी जागा रिकामी ठेवतो. एका माणसाच्या सद्गुणावर दुसऱ्याने आपली काटकसर उभारावी, याला सेवा म्हणत नाहीत.

थकव्याविषयीही आपल्या शास्त्राने बोलून ठेवले आहे. तोसेफ्तात, बावा मेत्सिया प्रकरणी, मजुराला बजावले आहे की त्याने रात्री स्वतःचे काम करून दिवसा दुसऱ्याची मजुरी करू नये, आणि उपाशी राहून काम करू नये. कारण दमलेला माणूस मालकाच्या कामात कसूर करतो. रंबमनेही हा नियम घेतला आहे. मजुराला जे सांगितले ते मालकाला दुप्पट लागू पडावे असे आमचे मत आहे. दमून कामावर येणे ही जर कामाची चोरी, तर दमलेल्या बाईला पुन्हा कामावर उभे करणे ही कोणाची चोरी? ती चोरी बाळंतिणीच्या वाट्याची आहे.

आणि इथ्रोचा सल्ला तर सर्वांनाच ठाऊक आहे. मोशे रब्बेनू सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे न्याय करत बसत. सासऱ्याने पाहिले आणि स्पष्ट सांगितले की हे बरे नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही झिजतील, एकट्याच्याने हे होणार नाही. हजारांवर, शेकड्यांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमण्याचा सल्ला त्याने दिला. यातले मर्म असे की इथ्रोने जावयाच्या कष्टाळूपणाचे कौतुक केले नाही. रांगेत ताटकळणारे लोकही झिजतात, हे त्याने त्याला दाखवले. मोशेंनी तो सल्ला मानला. आपल्याला हे काम एकट्याने पेलत नाही, असे म्हणण्यात जर मोशे रब्बेनूंना कमीपणा नव्हता, तर तो कोणत्याही सिस्टरला नसावा.

हा प्रश्न केवळ गरीब देशाचा आहे असे मानून आपण इस्राएलमध्ये स्वस्थ बसू नये. 1913 साली हेनरिएटा सोल्ड यांच्या हदासाने रोज कॅप्लन आणि रेचल लँडी या दोन नर्सेसना यरुशलायीमला पाठवले. शिफ्रा व पुआप्रमाणे येथेही सुरुवात दोघींनीच झाली. त्या कामातून पुढे टिपत हलाव, म्हणजे दुधाचा थेंब, ही केंद्रे उभी राहिली. 1954 पासून राष्ट्रीय विम्याने दवाखान्यात बाळंत होणाऱ्या आईला अनुदान दिले आणि बाळंतपणे दवाखान्यांत गेली. भारतात 2005 साली जे झाले ते येथे आधीच घडले होते. येथील सुईण आज प्रसूतिगृहात आहे, आणि वस्तीतली आई व बाळ टिपत हलावच्या नर्सच्या हाती आहेत. आपल्यातील कितीतरी आयांना नव्या देशात, नव्या भाषेत, दिमोना, बेर-शेवा, लोद, अश्दोद येथे पहिला धीर दिला तो अशाच एका नर्सने. तिच्यापुढेही रांग आहे. 20 जुलै 2020 रोजी, करोनाच्या भर साथीत, देशभरच्या नर्सेसना मनुष्यबळ कमी आहे म्हणून संप करावा लागला, तेव्हा कोठे नव्या जागा मान्य झाल्या.

इंग्लंडमध्ये तर सुइणींचे शास्त्र शंभर वर्षांहून जुने. तेथे 1902 साली सुइणींचा कायदा झाला. 2016 पासून तेथे असा ध्येयवाद पुढे आला की प्रत्येक बाईला गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीची एकच सुईण मिळावी. कल्पना फार चांगली. परंतु मार्च 2022 मध्ये डोना ऑकेन्डन यांचा श्रूजबरी आणि टेलफर्ड येथील दवाखान्यांविषयीचा अहवाल आला. त्यात माता व बालके दगावल्याची जी कारणे दिली, त्यांत अपुऱ्या माणसांचाही उल्लेख होता. आणि अहवालाने बजावले की जेथे पुरेशा सुइणी नाहीत तेथे ही एका सुईणीची योजना थांबवावी. म्हणजे चांगली कल्पनासुद्धा माणसांवाचून राबवली तर धोका होते. श्रीमंत देशालाही बेरीज चुकवता येत नाही.

बेरजेवरून आठवण होते ती आपल्याच समाजाच्या डॉक्टर जेरुशा झिराड यांची. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख होत्या, आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शस्त्रक्रियेतील त्यांच्या कौशल्याबद्दल आपल्या घरांतून पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु 1937-38 मध्ये त्यांनी मुंबई शहरात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांची चौकशी केली आणि 1941 साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याची आठवण फार थोडे काढतात. किती मेल्या, कशाने मेल्या, त्यांपैकी किती वाचू शकल्या असत्या, हे त्यांनी शोधले. जिच्या हातांनी हजारोंना सोडवले, त्या बाईला मेलेल्यांची मोजदाद करण्यासाठी वेळ काढावासा वाटला. आमच्या मते तीही शुश्रूषाच होती.

मग आपल्यासारख्या साध्या माणसांनी काय करावे? पहिले हे की स्तुतीबरोबर प्रश्न विचारावा. नर्सचे आभार मानताना, तुमच्याकडे किती जणी आहेत आणि जागा किती रिकाम्या आहेत, हे विचारावे, आणि ते उत्तर नगरपालिकेत, कुपात खोलिममध्ये, मते मागण्यास येणाऱ्यांच्या कानांवर घालावे. दुसरे हे की भारतात आपल्या गावी जाणे झाले तर देवळा-मशिदींना देणगी देताना उपकेंद्राचीही चौकशी करावी. तेथे नर्सबाईला राहण्यास खोली आहे का, रात्री पाणी आणि दिवा आहे का, तिला बोलावणे आले तर वाहन मिळते का, एवढे विचारले तरी गावकऱ्यांचे लक्ष तिकडे जाते. तिसरे हे की रांगेत उशीर झाला म्हणून खिडकीवरच्या बाईवर ओरडू नये. उशीर तिने केलेला नाही. ज्याने केला आहे तो त्या खिडकीत कधीच बसत नाही.

शिफ्रा आणि पुआ यांना देवाने काय दिले? तोरा सांगते की त्याने त्यांना घरे दिली. भाष्यकारांनी या घरांचा अर्थ याजकांची आणि राजांची घराणी असा लावला आहे, आणि तो थोर अर्थ आहे. आम्ही त्याच्या शेजारी एक साधा अर्थ ठेवतो. जी रात्रभर दुसऱ्याच्या घरी जागली तिला सकाळी स्वतःच्या घरी परतता आले पाहिजे, जेवता आले पाहिजे, दार लावून निजता आले पाहिजे. आणि ती निजलेली असताना पुढची हाक आली तर उठून जाणारी दुसरी कोणी असली पाहिजे. ती दुसरी सुईण आकाशातून येत नाही. ती माणसांनी मोजून, पैसे बाजूला ठेवून, शिकवून नेमावी लागते.